पाण्यातली येळवस

"मालक, येळवशीला आमच्या शेतात जेवायला या. घरच्या समद्यांला घिऊन या."

गिरणीचा पट्टा फडफडत होता, तरी आत्याबाईंचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. दळणाला आलेल्या बायांनी माना वळवल्या. बापूराव गिरणीच्या ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांचा अंगठा तळहातावरच थांबला.

"अगं धुरपदा, तुझं शेत तर पाण्यात हाय."

"हाय की. येळवशीपत्तुर निघंल वर."

"आन् न्हाई निघालं तर? होडीत पंगत बसवतीस का?"

सगळी गिरणी हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "पाण्यात म्हैस आन् वर मोल." आत्याबाई म्हणजे माझी सासू; मी पिठाचा डबा डोक्यावर घेऊन त्यांच्या मागे उभी होते. वाटलं, गिरणीच्या जात्यात उडी मारावी. आत्याबाईंना मात्र त्याचं काही नव्हतं. त्या बाहेर पडल्या आणि घरी येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येक दारात उभं राहून आवतण देत गेल्या.

आमच्या भागात येळवस हा शेताचा सण. मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, उभारायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे, खीर आणि गाडगंभर आंबील. ज्याला शेत आहे त्याने ज्याला शेत नाही त्याला जेवायला बोलवायचं, आणि बोलावलेल्याने नाही म्हणायचं नाही, अशी रीत. आत्याबाई जन्मभर बोलावलेल्यांत होत्या. बापूरावांच्या कोपीत त्या इतक्या येळवशी जेवल्या होत्या की कोणत्या साली भज्जीत मीठ जास्त पडलं होतं तेही सांगत.

त्या साली मात्र आमच्याकडे जमीन आली होती. म्हणजे कागदावर आली होती. तलावाचं पाणी उन्हाळ्याकडे ओसरत जातं तशी काठाची गाळाची जमीन उघडी पडते, तिला गाळपेर म्हणतात. आजवर ती ज्याचा हात लांब तो पेरायचा, आणि आमच्या गावात बापूरावांचा हात सगळ्यांत लांब. आमच्या वस्तीतल्या बाया दोन वर्षं कचेरीच्या दारात बसून राहिल्या, तेव्हा कुठे ती भूमिहीनांना कसायला मिळाली. अट एकच, स्वतः कसायची. नाही कसली तर पुढच्या साली ती दुसऱ्याला.

मोजणीला साहेब आले आणि काठावर उभे राहून पाण्याकडे बघत बसले. टेप धरायची कुठे? शेवटी बायांनीच तोड काढली. चौकोन पाडले असते तर कुणाला वरचं कोरडं आलं असतं, कुणाला खालचं ओलं, आणि जन्मभराची भांडणं झाली असती. म्हणून काठाला ओळीने बाभळीच्या खुंट्या ठोकल्या. दोन खुंट्यांच्या मधला पट्टा एका घराचा, खाली पाणी जिथवर मागे सरेल तिथवर. आमच्या शेताला रुंदी होती, लांबी नव्हती. लांबी अजून पाण्यात होती.

"कोरडी हुती तवा लोकाची हुती," आत्याबाई म्हणायच्या. तलाव व्हायच्या आधी तिथल्या शेतात त्या रोजाने खुरपायला जात. "बुडली तवा कुठं आपल्याला गावली."

घरी आलो तर आमचे मालक, म्हणजे लिंबाजी, दाराशी बसून टिकाव ठाकठीक करत होते. बातमी आधीच त्यांच्या कानावर आली होती.

"माय, तू काय करूलालीस? शेत कुठाय? उद्या गाव हसंल."

"आजच हसलं. उद्यासाठी काय ऱ्हायलंच न्हाई."

"पाणी बोटभर बी हललं न्हाई. येळवशीच्या दुसऱ्या दिशी टेम्पो हाय. ह्या साली ह्यो शेवटचा. त्यात बसलो न्हाई तर भट्टीवर जागा न्हाई आन् हितं काम न्हाई. खायाचं काय, आवतणं?"

टेम्पो म्हणजे वीटभट्टीचा. दिवाळी झाली की आमची वस्ती टेम्पोत बसून जायची ती मिरगाच्या तोंडावर परतायची. आम्ही दोघं जायचो, आत्याबाई मागे राहायच्या, आणि त्यांच्याजवळ आमची कमळ. भट्टीवर लेकराला न्यावं असं काही तिथे नव्हतं, नुसती धूळ आणि धूर. त्या उन्हाळ्यात मी परत आले तेव्हा कमळ आजीच्या लुगड्यामागे लपली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "ही बाई कोण हाय?" मी हसले, कारण सगळे हसले. मग मागच्या दारी जाऊन पोटभर रडले.

त्यामुळे त्या साली मला दुसरं काही नको होतं. शेत नको, नाव नको, फक्त टेम्पो आमच्याविना जावा एवढंच. भट्टीच्या मुकादमाची आगाऊ उचल आत्याबाईंनी घेऊ दिली नव्हती, तेवढा एक धागा हातात होता. पण नवऱ्याचंही चुकत नव्हतं. दरसाल कालव्याला पाणी सुटायचं आणि तलाव खाली जायचा. त्या साली कालव्याचं काम निघालं होतं, दारं बंद होती. आत्याबाई रोज सकाळी पाण्याच्या कडेला एक तुराटी रोवून यायच्या आणि रोज संध्याकाळी ती तिथल्या तिथेच उभी असायची. उन्हाने काय उडून जाईल तेवढंच.

"आत्याबाई," मी एकदा धीर करून विचारलं, "खाली जमीन कशी हाय? खोल हाय का?"

"तळहातावानी हाय," त्या म्हणाल्या. "बापूरावाचा भुईमूग मीच काढलाय की तिथं, तुमी भट्टीवर असतानी. हातभर पाणी सरलं तर नजर पुरणार न्हाई इतकं रान उघडतंय."

हे मी नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, "मायला शेत पायजे, म्हून तिला समदीकडं शेतच दिसूलालंय." त्यांनी ती जमीन कधी उघडी पाहिलीच नव्हती. ती उघडायच्या वेळी आम्ही विटा थापत असायचो. मीही काय पाहिली होती?

येळवशीच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या राहिलेल्या चार घरांनी मिळून कडबा मागून आणला. पहाटे उठून आम्ही स्वयंपाकाला लागलो. आत्याबाईंनी भज्जी स्वतःच्या हातानेच केली, कुणाला पळी लावू दिली नाही. आंबिलीच्या गाडग्याला नवं कापड गुंडाळून ते डोक्यावर घेतलं आणि त्या पुढे, आम्ही मागे, असे निघालो. लिंबाजी सगळ्यांत मागे, खाली मान घालून. त्यांनी घोंगडं, दोन भांडी आणि कपडे यांचं गाठोडं आदल्या दिवशीच बांधून दाराशी ठेवलं होतं.

काठावर पोचलो. आमच्या खुंट्यांच्या मध्ये चिखलाची एक पट्टी तेवढी उघडी होती. एक माणूस आडवा झाला असता तर पाय पाण्यात गेले असते.

"आता?" लिंबाजींनी विचारलं.

"आता काय? कोप उभार."

"कुठं?"

"आपल्या शेतात."

"माय, पाणी हाय!"

"गुडघ्याएवढं बी न्हाई. देव आपल्या हद्दीत बसंल. पंगत वर गवतात बसू दे, ती सरकारची जागा हाय, तिला कोण न्हाई म्हणतंय?"

आणि खरंच त्यांनी कासोटा खोचला आणि पाण्यात उतरल्या. मग काय, आम्हीही उतरलो. कडब्याच्या पेंढ्या चिखलात रोवल्या, शेंडे वर बांधले. कोप जराशी कलली, पण उभी राहिली. आत पाच दगड मांडले. ते पाण्यात बुडाले. चुन्याची बोटं ओढलेली होती ती डोळ्यांदेखत धुऊन गेली. केराबाई शेजारच्या पट्ट्याची. ती हसून हसून खाली बसली आणि खाली बसल्यावर तिला कळलं की खाली पाणी आहे. मग तर सगळ्याच हसायला लागल्या. लिंबाजीसुद्धा तोंड फिरवून हसले, मी बघितलं.

लोक येतील असं मला वाटलं नव्हतं. पण येळवशीचं आवतण मोडत नाहीत, आणि दुसरं म्हणजे पाण्यात कोप बघायला कोण येणार नाही? आपापल्या शेतातली पूजा उरकून गाव काठावर लोटला. पोरं तर पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हती. बापूरावही आले, धुतलेलं धोतर वर धरून.

"धुरपदा, पांडव कुठायत?"

"आंघुळीला बसल्यात, मालक. तुमी जेवून घ्या."

ते गवतात मांडी घालून बसले. आत्याबाईंनी त्यांच्या पत्रावळीवर भज्जी वाढली. ती वाढताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. जन्मभर ज्याच्या कोपीत हात पुसत मागच्या पंगतीला बसलो, त्याला आपल्या हाताने, उभं राहून, "घ्या, अजून घ्या" म्हणायचं.

"मीठ बराबर हाय का?" त्यांनी विचारलं.

"तुझ्या हातचं हाय. चुकंल कसं?" बापूराव म्हणाले, आणि खरोखर दुसऱ्यांदा मागून घेतलं.

जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी आंबिलीचं गाडगं घेतलं. पिकावर आंबील शिंपडायची असते. आमचं पीक म्हणजे पाणी. त्यांनी त्या पाण्यावरच पळसाच्या पानाने आंबील शिंपडली, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत, हाळी देत. मागून बायाही हाळी देऊ लागल्या. बगळे उडाले.

दिवस कलला तसे लोक उठायला लागले. लिंबाजी भांडी गोळा करत होते. मला म्हणाले, "झाली हौस. पहाटं निघायचंय. कमळीला मायजवळ झोपव आजपासनंच, उद्या रडायची न्हाई." मी उरलेल्या पत्रावळी गोळा करत राहिले.

"अरे, हेंडगा ऱ्हायलाय की," आत्याबाई म्हणाल्या.

हेंडगा म्हणजे वाळल्या गवताचा जाडजूड पलिता. येळवशीच्या सांजेला तो पेटवून शेताच्या हद्दीवरून फिरवायचा, अख्ख्या शेताला वळसा घालायचा, म्हणजे रोगराई, इडापिडा जाते. घरधन्याने फिरवायचा असतो. लिंबाजींनी लहानपणापासून हेंडगे फिरवले होते, पण सगळे दुसऱ्यांच्या शेताला.

"पाण्यात इडापिडा कसली आलीय, माय? मासळीला व्हईल ती."

"मग म्हातारी फिरवती." आत्याबाईंनी खरोखरच पलिता उचलला.

"आण इकडं!" ते वैतागून म्हणाले, आणि बापूरावांकडे एक नजर टाकून, कारण ते अजून गवतात बसलेले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात शिरले. हेंडगा पेटला. पाण्यात त्याचा उजेड पडला.

"खुंटीच्या सरळ रेघंत जा!" आत्याबाई काठावरून ओरडल्या. "जिथवर पाय टेकंल तिथवर आपलं!"

ते निघाले. आधी पोटऱ्यांपर्यंत पाणी. मला वाटलं दहा पावलांत कमरेला लागेल आणि ते फिरतील. पोरं काठावर गलका करत होती. ते पुढे गेले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. आणखी पुढे गेले. गुडघ्यापर्यंतच. आता त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता जाळ आणि त्याच्या खाली काळा आकार. गलका हळूहळू थांबला. आणखी पुढे. अजूनही गुडघ्यापर्यंतच. ते एकदा थांबले, जागच्या जागी पाय आपटून बघितला. मग वाकले. एका हाताने जाळ उंच धरलेला, दुसरा हात खांद्यापर्यंत पाण्यात. मग पुन्हा चालू लागले, आता जरा भराभर.

"आरं ये की मागं!" केराबाई ओरडली. "जाशील पल्याडच्या गावाला!"

बापूराव हळूच म्हणाले, "तिथनं पुढं बी तसंच हाय. त्या पाण्यातल्या चिंचंच्या खोडापत्तुर."

आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुमी सांगितलं न्हाई त्याला कधी?"

"मला कोण इचारतंय? तू तर सांगत हुतीस, तुझं तरी कुठं ऐकलं त्यानं?" बापूरावांनी उठून धोतर झटकलं. त्या दूरच्या जाळाकडे बघत ते म्हणाले, "रान चांगलं हाय, धुरपदा. पाणी सरंल तसा भुईमूग टाक. मधल्या पट्टीत कलिंगड लाव. वरच्या अंगाला गाळ पातळ हाय, तिथं काकडी." एवढं बोलून ते गेले. त्यांना वाईट वाटत होतं हे उघड होतं, पण खोटं त्यांनी सांगितलं नाही, हे मी आजही मानते.

लिंबाजी दुसऱ्या खुंटीच्या रेघेने परत आले तेव्हा हेंडगा विझत आला होता. ते काठावर चढले. धोतर कमरेपर्यंत भिजलेलं. मूठ घट्ट मिटलेली होती. ती त्यांनी आत्याबाईंसमोर उघडली. आत गाळ होता, काळाभोर, लोण्यासारखा मऊ. त्यात एक खडा नव्हता.

"बघितलास?" आत्याबाई म्हणाल्या.

त्यांनी मूठ पुन्हा मिटली. रात्री घरी मी कमळीला आजीजवळ झोपवायला नेलं तर त्यांनी एवढंच म्हटलं, "ऱ्हाऊ दे हितंच."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. पौषात कालवा सुटला आणि पाणी असं सरकलं की आम्हीच घाबरलो. रोज थोडं रान उघडायचं, रोज थोडं पेरायचं. सगळं एकदम पेरून मोकळं व्हावं असं ते शेतच नव्हतं. वरच्या कडेला काकड्या तोडायला आलेल्या असायच्या आणि खालच्या कडेला आम्ही ओल्या गाळात नवी ओळ टोचत असायचो. कामाला सुट्टीच नाही. शिमग्यानंतर आम्ही चार घरं पुरेनाशी झालो. तेव्हा केराबाईने भट्टीवर निरोप धाडला, आणि गेलेल्यांतली निम्मी माणसं हंगाम अर्धा टाकून भुईमूग काढायला परत आली. पुढल्या दिवाळीला आमच्या वस्तीत टेम्पो आला तो पाऊण रिकामा गेला. मृगाच्या आधी पाणी परत चढलं आणि आमचं शेत पुन्हा बुडालं. आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ दे, झोपू दे त्याला. लई राबलंय." आज त्या नाहीत. पण दरसाल तलाव भरतो, शेत झोपतं आणि येळवशीच्या सुमाराला उठतं.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची सकाळ.

मला टेम्पोच्या भोंग्याने जाग आली. शेजारी लिंबाजी नव्हते. मी दाराशी धावले. गाठोडंही नव्हतं. घोंगडं, भांडी, कपडे, काहीच नाही. मला न सांगता, एकटेच गेले? की मी कमळजवळ राहावं म्हणून? कमळीला काखोटीला मारून मी तशीच पाराकडे पळाले. गाठून काय बोलायचं, काही ठरलं नव्हतं.

पाराखाली टेम्पो उभा होता. मागे माणसं चढत होती, वर पत्रे, शिड्या, कोंबड्यांचं खुराडं. मी एकेक तोंड बघत गेले. लिंबाजी त्यात नव्हते.

"ए लिंबाजीची!" मुकादम माझ्यावरच खेकसला. "कवाचा भोंगा देऊलालोय. कुठाय तुझा नवरा?"

मला ठाऊक नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं. पारावरून तलाव दिसतो. पाण्यातली आमची कोप जागेवर नव्हती. ती वर, खुंटीच्या जवळच्या कोरड्या चिखलात उभी होती, सरळ, अजिबात न कललेली. तिच्या तोंडाशी आमचं गाठोडं सोडून ठेवलेलं होतं आणि घोंगडं कोपीवर वाळत घातलेलं होतं. एक माणूस पाण्यात वाकून आदल्या दिवशीचे बुडालेले दगड एकेक करून वर आणत होता.

"आगं, बोल की! कुठं गेलाय?"

"रानात गेल्यात," मी म्हटलं.

मुकादमाने सवयीने विचारलं. आमच्या वस्तीतल्या माणसाला सगळे असंच विचारायचे, त्यात त्याचा काही दोष नव्हता.

"कुणाच्या?"

कमळ माझ्या खांद्यावर पेंगत होती. मी तिला वर सरकवलं.

"आमच्या," मी म्हणाले. मग टेम्पो सुरू झाला, त्याच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नसेल, पण मी ते उगीचच पुन्हा एकदा म्हणाले.